आधी पाणी

अबेलार्दो, तिकडे नको, या बाजूला ये.
वारा कुठून येतोय ते आधी बघ,
मग झाकण उघड.
युमात जुलै महिन्यात वारा नसतोच, म्हणशील.
असतो. तुझ्या रुमालाचं टोक हलतंय,
तेवढा पुरतो.

बाटली उलटी धर, तोंड खाली,
कोपरापर्यंत हात जाऊ दे, तिथे सरळ कर.
वरचं पाणी खोटं बोलतं,
उन्हात भाजलेलं, धुळीचं, चिमण्यांनी चोची बुडवलेलं.
खरं काय ते कोपराखाली.

आता थेंब. मोठ्याने मोज.
स्पॅनिशमध्ये मोज, इंग्रजीत मोज, पण मोज.
हिरवं आहे ते लाल होईपर्यंत.
सहा, सात, आठव्याला कडा लाजली,
नऊ.
नऊ म्हणजे नव्वद. ही पाण्याची अंगची ताकद.
ही असली की पीएच एका घोटाने घसरत नाही.
नसली की रोज रुसवा, रोज समजूत.

दुसऱ्या नळीत पीएच.
पिवळं पडलं तर पाणी हीटरचं तांबं खातं,
जांभळट झालं तर फरशीच्या कडेला
चुन्याची पांढरी मिशी फुटते.
आपल्याला हवा पिकल्या पपईच्या गराचा रंग.

आज मिशी आहे. ॲसिड लागेल.
ट्रकमध्ये डाव्या खोक्यात ॲसिड, उजव्या टोकाला क्लोरीन,
जेवणाचा डबा पुढे, माझ्या पायाशी.
या तिघांची गाठ पडू द्यायची नाही.

आणि हे डाव बघ.
या पिंपाचा याला, त्या पिंपाचा त्याला.
दोन्ही क्लोरीनच ना, असं तुझा मामा हिलारिओही म्हणाला होता.
एकच डाव होता, त्या दिवशी. जरासा ओला.
आवाज फार मोठा नव्हता रे.
ट्रकचं दार आपटावं, तेवढाच.
आता तव्यावर टॉर्टिया जळते,
तो शेजारीच उभा असतो.
त्याला कळत नाही.

म्हणून चष्मा.
घामाने धुरकटतो, माहीत आहे. तरी चष्मा.

मोटेलच्या तलावावर लोक नाक वर करून म्हणतात,
वा, काय स्वच्छ वास येतोय!
तो वास स्वच्छतेचा नाही.
लोकांच्या घामाशी, मुताशी झुंजून
दमलेल्या क्लोरीनचा तो वास.
चांगल्या पाण्याला कसलाच वास नसतो.
इथे बघ, येतोय?

इथे कोणी पोहतच नाही.
चार वर्षं झाली.
दर मंगळवारी कुंडीखाली चेक,
आणि पडद्याची एक पट्टी वाकलेली:
मिसेस लिंडक्विस्ट बघत असतात.

एकदा मी त्यांना म्हटलं, बाई,
उन्हापासून क्लोरीनला वाचवायला आपण जे घालतो ना,
ते छत्रीसारखं असतं, ते फार साठलंय.
क्लोरीन आता सावलीत झोपा काढतं.
आमटीत मीठ जास्त झालं तर उपसून काढता येतं का?
अर्धं पाणी सोडून द्यावं लागेल.

त्या म्हणाल्या, हे पाणी नाही सोडायचं.
आर्विड यातच पोहायचा.

मी काय बोलणार!
या उन्हात रोज बोटभर पाणी उडून जातं,
रात्री नळ तेवढंच नवं भरतो.
आर्विडचं पाणी केव्हाच आभाळात गेलं,
कॅलिफोर्नियात पडलं असेल, नाहीतर कुठेच नाही.
मागे राहतं ते फक्त
जे उडत नाही.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
गाळणी उलटी धुताना मात्र
दर खेपेला नळी थोडा जास्त वेळ चालू ठेवते,
बादली दोन बादल्या,
गल्लीतल्या गटाराकडे.
तू काही पाहिलं नाहीस.

चल, बादली आण. पंप चालू आहे ना? ऐक.
खोल बाजूने चालत चालत ओतायचं,
वाकून नाही, शिंतोडे न उडवता.
पण त्याआधी, बादलीत आधी काय?

मोठ्याने बोल.
पडद्यापर्यंत ऐकू जाऊ दे.